सागाची जाळी : झाड स्वतःचे रक्षण कसे करते

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 निमंत्रण देण्यासाठी विश्वस्त घरी आले, तेव्हा विषय ठरवण्याचे स्वातंत्र्य त्यांनी मला दिले. परंतु निघता निघता एक प्रश्नही ठेवून गेले. महोत्सवी वर्षात ट्रस्टच्या जागेवर झाडे लावण्याचा संकल्प आहे. त्यांत साग असावा, असे बहुतेकांचे मत आहे. पण सागावर दरवर्षी अळी पडते, पावसाळा संपत आला की झाडे करपल्यासारखी दिसू लागतात. मग त्यांवर औषध फवारावे लागेल काय? आणि लागणारच असेल, तर अहिंसेचे व्रत मानणाऱ्या संस्थेने ते फवारावे काय? प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आपल्या साधु-साध्वींना विचारण्याचा आहे, माझा अधिकार तेथे चालत नाही. पहिल्या अर्ध्या भागाबद्दल मात्र विज्ञानाला सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते सांगता सांगता दुसऱ्या भागालाही कोठेतरी स्पर्श होईल.

आपला यवतमाळ जिल्हा सागाचा जिल्हा आहे. यवतमाळहून पांढरकवड्याकडे जावे, घाटंजीकडे वळावे, किंवा खाली उमरखेडकडे पैनगंगेच्या काठाने जावे, रस्त्याच्या दोन्ही अंगांना साग दिसतो. त्याच्या सोबतीला धावडा, ऐन, सालई, तेंदू, मोह, पळस ही मंडळी असतात. टिपेश्वर आणि पैनगंगा ही दोन्ही अभयारण्ये मूलतः याच शुष्क पानझडी सागवनाची. आपण पर्युषणाच्या सुमारास किंवा त्यानंतर पंधरा दिवसांनी या वाटेने गेला असाल, तर एक दृश्य पाहिले असेल. पाऊस चांगला झालेला, गवत हिरवेगार, पळस हिरवा, आणि सागाचे डोंगरचे डोंगर तपकिरी! प्रवासी म्हणतात, साग वाळला. जवळ जाऊन पान हातात घेतले तर ते वाळलेले नसते, त्याची जाळी झालेली असते. शिरा न् शिरा शाबूत, उपशिराही शाबूत, आणि मधला हिरवा गर तेवढा नाहीसा. एखाद्या कुशल विणकरानेही हेवा करावा अशी ती जाळी असते.

हे काम एका लहानशा अळीचे आहे. शास्त्रज्ञ तिला युटेक्टोना मॅचेरॅलिस या नावाने ओळखत आले. आपण तिला सोयीसाठी जाळी करणारी अळी म्हणू. परंतु सागाची हीच एक पाहुणी नाही. मृगाच्या पावसाबरोबर साग नवी पालवी धारण करतो, तेव्हा दुसरी एक अळी येते. तिचे नाव हायब्लिया प्युएरा. ही जाळी वगैरे करीत बसत नाही. कोवळे पान मुख्य शिरा तेवढ्या सोडून पूर्ण फस्त करते. ती पानाची कड कातरून, ती दुमडून रेशमी धाग्याने शिवते आणि त्या घडीत राहते.  दोनएक आठवड्यांत तिची वाढ पूर्ण होते, मग ती धाग्याला लोंबकळत जमिनीवर उतरते आणि पालापाचोळ्यात कोश करते. मोठी धाड पडलेल्या सागवनात उभे राहिले, तर आभाळ निरभ्र असतानाही भुरभुर पाऊस पडल्यासारखा आवाज ऐकू येतो. तो असंख्य अळ्यांच्या विष्ठेचे कण पानांवर पडण्याचा आवाज असतो.

दोन्ही अळ्या एकाच झाडावर, पण त्यांच्या वेळा वेगळ्या आणि रुची वेगळी. एकीला कोवळे पान लागते, दुसरीला जून पान चालते. हा भेद वरवर क्षुल्लक वाटतो. पुढे आपण पाहू की सगळा हिशेब याच भेदावर उभा आहे.

भारतीय वनांतील कीटकांचा पद्धतशीर अभ्यास डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सुरू झाला. ही संस्था १९०६ ची. तेथे बीसन नावाचे एक इंग्रज कीटकशास्त्रज्ञ अनेक वर्षे राहिले आणि त्यांनी १९४१ साली भारत व शेजारील देशांतील वनकीटकांवर हजार पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. आजही वनकीटकांचा अभ्यासक प्रथम तोच ग्रंथ उघडतो. बीसन यांची विशेषता अशी की त्यांनी अळीकडे एकटी अळी म्हणून पाहिले नाही. ती कोणत्या झुडपांवर राहते, तिला कोण खाते, ते खाणारे पुन्हा कोणत्या झुडपांवर राहतात, असा त्यांचा शोध असे. त्यांचा एक निष्कर्ष मी पुढे सांगणार आहे.

तथापि एका साध्या प्रश्नाचे उत्तर बीसन यांच्या काळी मिळाले नव्हते. अळीने पाने खाल्ली, तर सागाचे नेमके नुकसान किती होते? पान गेले म्हणजे नुकसान झाले, हे डोळ्यांना दिसते. पण लाकूड पानाने मोजत नाहीत, घनमीटरने मोजतात. हे मोजण्याचे काम केले केरळातील डॉ. के. एस. एस. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्रिशूर जिल्ह्यातील पीची येथे १९७५ साली केरळ वन संशोधन संस्था स्थापन झाली, तेथे ते कीटकशास्त्र विभागात होते आणि पुढे संस्थेचे संचालकही झाले. त्यांनी प्रयोगासाठी निलांबूरचे सागवन निवडले. सागाची पद्धतशीर लागवड आपल्या देशात प्रथम तेथेच, १८४० च्या दशकात, मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनी करविली होती.

नायर यांचा प्रयोग कल्पनेने सोपा आणि करण्यास अत्यंत कष्टाचा होता. कोवळ्या सागवनाचे तुकडे पाडायचे. काही तुकड्यांना दोन्ही अळ्यांपासून वाचवायचे, काहींना फक्त पहिलीपासून, काहींना फक्त दुसरीपासून, आणि काही तुकडे नशिबावर सोडून द्यायचे. असे पाच वर्षे करायचे आणि झाडांची वाढ मोजत राहायचे. (वाचवायचे म्हणजे कीटकनाशक फवारूनच. विष कोठे लागत नाही हे शोधण्यासाठी आधी विष वापरावे लागले, ही विज्ञानाची एक विचित्र वाट आहे.) या अभ्यासाचा अहवाल १९८५ साली प्रसिद्ध झाला. चार ते नऊ वर्षे वयाच्या सागात पालवी खाणाऱ्या अळीमुळे लाकडाच्या संभाव्य वाढीपैकी ४४ टक्के वाढ बुडाली. संरक्षित तुकड्यांत हेक्टरी वर्षाला ६.७ घनमीटर लाकूड वाढले, असंरक्षित तुकड्यांत ३.७ घनमीटर.

आकडा मोठा आहे. पण त्याच अहवालातील दुसरा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो. डोंगर तपकिरी करून टाकणारी, प्रवाशांच्या तोंडून हळहळ काढणारी जी जाळी करणारी अळी, तिच्यामुळे झाडाच्या वाढीत लक्षणीय घट आढळली नाही. ती येते तोवर पानाने आपले वर्षाचे बहुतेक काम उरकलेले असते. थोड्याच महिन्यांत ते गळणारच असते. जे नुकसान डोळ्यांत भरते ते झाडाच्या खात्यात फारसे नोंदले जात नाही, आणि जे खरोखर नोंदले जाते ते जूनच्या पावसात, नवी पालवी पुन्हा फुटून येईपर्यंतच्या थोड्या दिवसांत, कोणाच्या लक्षातही न येता घडून जाते. आणखी एक गोष्ट. असंरक्षित सागही मेला नाही. त्याने पुन्हा पालवी काढली आणि उभा राहिला. केरळचा पाऊस निराळा आणि आपला निराळा, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे यवतमाळला लावता येणार नाहीत. वेळेचा हिशेब मात्र आपल्याकडेही तोच आहे.

आता प्रश्न येतो की साग मरत का नाही? ज्या झाडाला जागचे हलता येत नाही, शत्रूला झटकता येत नाही, ते इतक्या तोंडांपुढे टिकते कसे?

त्याचे पहिले साधन म्हणजे वेळ. साग उन्हाळाभर निष्पर्ण उभा असतो. अळीला खायला काही नसते. मग पाऊस येताच तो एकाच वेळी सर्व पालवी काढतो. कोवळे पान मऊ असते, धोक्यात असते; म्हणून कोवळेपणाचा काळ शक्य तितका लवकर संपवायचा, ही त्याची नीती. एकदा पान जून झाले, खरखरीत झाले, की पहिल्या अळीच्या नवजात पिलांना ते चावता येत नाही. सागाचे जून पान हाताने चोळून पाहा. आपल्या आयाबाया त्याने भांडीही घासत असत. आणि कोवळे पान चोळाल तर हात लाल होतो. खेड्यातल्या मुली त्याने तळहात रंगवतात. तो रंग झाडाने मुलींच्या हौसेसाठी केलेला नाही, हे उघड आहे. अशा रंगद्रव्यांचे काम कोवळ्या पानाला उन्हापासून आणि खाणाऱ्यांपासून जपण्याचे असते, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात.

दुसरे साधन म्हणजे साठा. साग आपली सर्व कमाई पानांत ठेवत नाही. खोडात आणि मुळांत तो पिष्टमय पदार्थ राखून ठेवतो, आणि पालवी गेली तर त्या शिल्लकीतून दुसरी काढतो. व्यापारी समाजाला हे अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही! नायर यांना जी ४४ टक्के घट दिसली, ती याच खर्चाची घट होती.

तिसरे साधन लाकडात आहे. येथे इमारती लाकडाचा व्यवसाय केलेली काही घराणी बसली आहेत, त्यांना ठाऊक आहे की सागाच्या ओंडक्याचा बाहेरचा पांढरट भाग वाळवी खाते आणि आतला सोनेरी तपकिरी गाभा खात नाही. कारण असे की खोडाच्या आतील जिवंत पेशी जेव्हा मरतात, तेव्हा मरण्यापूर्वी त्या साठविलेल्या अन्नापासून काही कडू, विषारी द्रव्ये तयार करून स्वतःला त्यांनी भरून घेतात. त्यांतील एकाचे नावच सागावरून पडले आहे, टेक्टोक्विनोन. वाळवी त्यापासून दूर राहते. म्हणजे आपल्या जुन्या वाड्यांच्या तुळया आणि मंदिरांचे दरवाजे शंभर-दीडशे वर्षे टिकले, ते झाडाने स्वतःसाठी केलेल्या तजविजीमुळे.

आपल्या वनातील इतर वृक्षांची साधने निराळी. धावडा, बाभूळ, खैर यांना जखम झाली की डिंक पाझरतो आणि जखम बंद होते. भोक पाडून आत शिरू पाहणारा किडा त्यात रुतून बसतो. हिवाळ्यात आपण ज्या डिंकाचे लाडू करतो, तो झाडाच्या जखमेवरचा लेप असतो. सालईतून सुगंधी राळ येते, तिचा धूप होतो. सुगंध आपल्याला, बुरशीला आणि किड्याला ते निवारण.

चौथे साधन पूर्वी कोणाला माहीत नव्हते. झाडे सतत शस्त्रे परजून बसत नाहीत, कारण शस्त्र करण्यालाही अन्न खर्चावे लागते. हल्ला झाला की मग ती तयार होतात. १९७२ साली अमेरिकेत ग्रीन आणि रायन या दोघांनी दाखविले की बटाट्याच्या किंवा टोमॅटोच्या झाडाचे एक पान किड्याने कुरतडले, तर काही तासांत त्याच झाडाच्या दुसऱ्या, न कुरतडलेल्या पानांतही एक विशिष्ट प्रथिन साठू लागते. हे प्रथिन अळीच्या पोटात जाऊन तिचा पाचकरस अडवते. अळी खाते, पण तिला पचत नाही. पोट भरलेले असूनही ती उपाशी राहते.

या प्रथिनांवर जगात जे मोलाचे संशोधन झाले, त्यातील काही आपल्या पुण्यात झाले आहे, हे सांगताना मला अभिमान वाटतो. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. प्रभाकर रांजेकर, डॉ. विद्या गुप्ता, डॉ. अशोक गिरी, डॉ. हर्सुळकर आणि त्यांचे सहकारी हरभऱ्यावरील घाटेअळीवर काम करीत होते. घाटेअळी कोणाला माहीत नाही? हरभरा, तूर, कापूस, तिला काहीही वर्ज्य नाही. हरभऱ्याच्या दाण्यात हे पाचकरस रोखणारे प्रथिन भरपूर असते, तरी अळी हरभरा खुशाल खाते. असे का? १९९८ साली या गटाने प्रसिद्ध केले की घाटेअळीच्या पोटातील पाचकरस हरभऱ्याच्या त्या प्रथिनालाच तोडून टाकतात. हरभऱ्याने कुलूप केले, अळीने किल्ली केली. दोघांची ओळख जुनी. १९९९ साली त्यांनी पुढची पायरी गाठली. ज्या वनस्पती घाटेअळी सहसा खात नाही, त्यांची प्रथिने घेतली तर ती अळीला तोडता येत नाहीत, आणि ती आलटून पालटून वापरली तर तिची वाढ खुंटते. एकच शस्त्र सतत वापरले की शत्रूला ते सवयीचे होते. ओळख नसलेले शस्त्र आणि त्यातही बदल, हे अधिक टिकाऊ. आता आपण कापसाकडे वळू, तेव्हा हे वाक्य कृपया ध्यानात ठेवावे.

पण त्याआधी झाडाचे पाचवे साधन, आणि बीसन यांचा तो निष्कर्ष. झाडाला मित्र असतात. काही बारीक गांधीलमाश्या आणि माश्या अशा आहेत की त्या अळीच्या अंगात किंवा अंगावर अंडी घालतात आणि त्यांची पिले अळीवर वाढतात. हे दृश्य आपल्याला क्रूर वाटेल. निसर्गाला करुणेचे प्रशस्तिपत्र देण्याचा माझा इरादा नाही. १९९० साली अमेरिकेत टर्लिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्यावर सिद्ध केले की अळी पान खाऊ लागली, तिची लाळ पानाला लागली, की ते झाड एक विशिष्ट गंध हवेत सोडते, आणि त्या गंधाच्या मागावर ही गांधीलमाशी येते. पण माशी येण्यासाठी ती आसपास असली पाहिजे. वर्षातून काही आठवडेच सागावर अळी असते, बाकीच्या काळात माशीने जगावे कशावर? बीसन यांचे म्हणणे असे होते की सागाखालची झुडपे, वेली आणि मिश्र झाडे यांवर दुसऱ्या निरुपद्रवी अळ्या असतात, माशी त्यांच्यावर तग धरते. म्हणून सागवन साफसूफ करू नये, नैसर्गिक जंगलाचे पट्टे मध्ये राखावेत, सागाखाली उपयुक्त झुडपे वाढू द्यावीत आणि पालवी खाणाऱ्या अळीला आश्रय देणारी तेवढी काढावीत. हा उपाय किती प्रभावी ठरतो याचा प्रयोगाने काटेकोर पुरावा नंतर फारसा कोणी दिला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरी माझे मत बीसन यांच्या बाजूने आहे. ज्या सागवनात खाली फक्त लाल माती दिसते, तेथे झाड एकटे असते.

येथे एक गोष्ट ओघाने सांगतो. आपल्या शास्त्रांनी वनस्पतीला एकेंद्रिय जीव म्हटले आहे, केवळ स्पर्शाचे इंद्रिय असलेला. २०१४ साली अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात हायडी अॅपल आणि रेक्स कॉक्रॉफ्ट यांनी एक प्रयोग केला. अळी पान कुरतडते तेव्हा पानात जी सूक्ष्म कंपने होतात, ती त्यांनी नोंदवून घेतली, आणि अळी नसलेल्या एका लहान रोपाच्या पानांना तीच कंपने दिली. पुढे त्या रोपांवर खरी अळी सोडली, तेव्हा त्यांनी इतर रोपांहून अधिक प्रमाणात तिखट संरक्षक द्रव्य तयार केले. वाऱ्याची किंवा दुसऱ्या किड्याच्या गाण्याची कंपने दिली, तर असे झाले नाही. म्हणजे स्पर्शास्पर्शातला भेद त्या रोपाला कळला. एवढे सांगून मी थांबतो. विज्ञानाने आमचे शास्त्र सिद्ध केले, असे म्हणण्याची हल्ली घाई होते. शास्त्राला त्या प्रशस्तिपत्राची गरज नाही आणि विज्ञानाचे ते कामही नाही. पण एका स्पर्शेंद्रियाच्या आधारे केवढा व्यवहार चालू शकतो, हे पाहून आदर वाढतो, एवढे खरे.

आता शेताकडे येऊ. आपल्या जिल्ह्याचा जीव कापसात आहे. जंगलात सागाला वेळ आहे, साठा आहे, मित्र आहेत, बदलती रसायने आहेत. कापसाला आपण काय ठेवले? २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. एका जिवाणूचा गुण कापसात घातला, बोंडअळीला मारणारे प्रथिन झाडातच तयार होऊ लागले. २००६ साली दोन प्रथिनांचे वाण आले. सुरुवातीची वर्षे चांगली गेली, फवारण्या कमी झाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याबरोबर एक अट होती. बीटी कापसाभोवती साध्या कापसाचे पट्टे लावावेत, म्हणजे विषाला न सरावलेल्या बोंडअळ्याही शिल्लक राहतील आणि सरावलेल्यांची संतती वेगाने फोफावणार नाही. सोबत दिलेले ते साधे बियाणे किती शेतांत लागले, हे आपण सर्व जाणतो. एकच शस्त्र, सर्वत्र, दरवर्षी. घाटेअळी आणि हरभऱ्याची गोष्ट आठवा. गुलाबी बोंडअळीने आधी एक प्रथिन पचविले, मग दुसरे, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडेच्या बोंडे पोखरून निघाली.

त्याच २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात काय घडले, त्याचा उच्चार केल्यावाचून हे व्याख्यान पुरे होणार नाही. कापूस डोक्याइतका उंच वाढला होता, किडीचा जोर होता, दोन-तीन औषधे एकत्र कालवून फवारली जात होती, आणि फवारणाऱ्याच्या तोंडावर फार तर एक रुमाल होता. जुलै ते ऑक्टोबर या काळात विषबाधा झालेल्या शेकडो शेतकरी-शेतमजुरांना रुग्णालयांत दाखल करावे लागले. यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक जणांचे प्राण गेले, कित्येकांच्या दृष्टीवर परिणाम झाला. राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले. मरणाऱ्यांत बरेच जण दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारायला गेलेले होते.

सागावरही एकेकाळी केरळात आणि मध्य प्रदेशात विमानातून फवारणीचे प्रयोग झाले होते. ती रीत रुजली नाही, हे आपले भाग्य. केरळच्याच कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर विमानातून एंडोसल्फान वर्षानुवर्षे फवारले गेले आणि तेथील गावांनी त्याचे काय भोगले, ते सर्वश्रुत आहे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या द्रव्यावर देशभर बंदी घातली.

आपण माझ्याहून अधिक जाणता की श्रावकाचारात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, गृहस्थाने टाळावयाचे व्यवसाय. त्यांत वनकर्म आहे, लाखेचा व्यापार आहे, विषवाणिज्यही आहे. वनातून उपजीविका, किड्यापासून मिळणारी लाख, आणि विष, ही तिन्ही त्या जुन्या यादीत एकत्र यावीत, याचे मला अभ्यासक म्हणून आश्चर्य वाटते. आज कृषी सेवा केंद्र चालवणारा प्रत्येक जण दोषी, असे म्हणण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. शेतकरी दारात येऊन औषध मागतो, हेही मला दिसते. मात्र ‘दोन औषधे मिसळू नका’, ‘ही अळी आता फवारून काही मिळणार नाही’, ‘हातमोजे घेतल्याशिवाय डबा देत नाही’, हे शब्द काउंटरच्या ज्या बाजूने बोलले जाऊ शकतात, त्या बाजूला बसणारी काही माणसे या सभागृहात आहेत.

कोणी विचारील, मग विषाला पर्याय काय? पीचीच्या संस्थेतच सुधींद्रकुमार आणि सहकाऱ्यांनी पालवी खाणाऱ्या अळीला होणारा एक विषाणूजन्य रोग शोधला आणि १९८८ साली प्रसिद्ध केला. रोगी अळी पानाला उलटी लोंबकळते आणि विरघळून जाते. हा विषाणू सागाच्या त्या अळीसाठी आहे. मधमाशीला, पक्ष्याला, माणसाला त्याची बाधा नाही. नायर यांनी असेही दाखविले होते की या अळीची धाड एकदम सर्वत्र पडत नाही, आरंभी लहान लहान ठिकाणी पडते आणि मग पसरते. तेव्हा आरंभीची ठिकाणे हेरून तेवढ्यावरच विषाणू फवारावा, असा तो मार्ग आहे. तोही अळीला मारतोच. त्याला अहिंसक म्हणून मी आपली दिशाभूल करणार नाही. एका जिवाला मारणे आणि शेतातल्या, ओढ्यातल्या, फवारणाऱ्याच्या फुफ्फुसातल्या सर्वांवर विष टाकणे, यांत तारतम्य आहे, एवढेच म्हणतो.

आता आपल्या जागेचे. साग अवश्य लावावा, पण सगळा साग लावू नये. त्याच्या ओळींत धावडा, ऐन, बेहडा, मोह, पळस यांना जागा द्यावी. ही आपल्याच डोंगरांतील झाडे आहेत, पाणी कमी मागतात. खालचे गवत आणि झुडपे दरवर्षी सफाईच्या नावाखाली उपटू नयेत. साप येतात म्हणून पायवाटेपुरते साफ करावे, बाकी राहू द्यावे. पालापाचोळा जाळू नये. पहिली तीन-चार वर्षे जून-जुलैत आठवड्यातून एकदा रोपांचे शेंडे पाहावेत, कारण पालवी खाणाऱ्या अळीने शेंडा खाल्ला तर खोडाला फाटे फुटतात आणि सरळ लाकूड मिळत नाही. फाटे फुटलेच, तर एक सशक्त राखून बाकीचे कापावेत. पाठशाळेतील मुलांना हे काम दिले तर ती आनंदाने करतील, आणि किडेही ओळखू लागतील. भाद्रपद-आश्विनात पानांची जाळी झाली तर ती पाहण्यास मुलांना अवश्य न्यावे. फवारणीचा पंप मात्र त्या वेळी आणू नये; चाळीस वर्षांपूर्वीच्या निलांबूरच्या मोजणीनुसार त्याची आवश्यकता नाही. सागाच्या जून पानाला त्या महिन्यात फारसे काम उरलेले नसते.

रोपे कोठून घ्यावीत, दोन झाडांत अंतर किती ठेवावे, असे प्रश्न पुष्कळ जणांना असतील. चहाच्या वेळी ते जरूर विचारावेत. कागद-पेन्सिल मी सोबत आणली आहे.